बर्फ न टिकणारी जागा

माझ्या एकसष्टाव्या वाढदिवसाला गरम पाण्याचा टब आणायचं मायरनने ठरवलं आणि मला विचारलंही नाही. विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं, हे त्याला ठाऊक होतं. माझा मुलगा लहानपणापासून असाच. आधी करून मोकळा होतो, मग तोंडभर हसतो.

"तुझ्या हातांसाठी आहे, आई," तो म्हणाला आणि जेवणाच्या टेबलावर दुकानाचं रंगीत पुस्तक उघडून ठेवलं.

शर्टाच्या कारखान्यात चौतीस वर्षं मी कॉलर शिवल्या. आता माझी बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी वाकडी झालीत आणि सकाळी बरणीचं झाकणही उघडत नाही. डॉक्टरने गरम पाण्याचा शेक सांगितला होता. तो मी रोज बटाटे उकडायच्या पातेल्यात घ्यायची. पुस्तकातल्या चित्रात माझ्याच वयाची एक बाई गळ्यापर्यंत फेसाळ पाण्यात बसली होती.

"ही आयुष्यात कधी कामाला गेलेली दिसत नाही," मी म्हटलं.

माझी सून गेल हसली. "बसून तर बघा, आई. मग तुम्हाला बाहेर काढायला आम्हालाच पोलीस बोलवावे लागतील."

"ठेवणार कुठे हे धूड?"

"मागच्या अंगणात," मायरन म्हणाला. "कुंपणाजवळ ती जागा आहे ना, जिथे बर्फ टिकत नाही, तिथे. हिवाळाभर फावडं मारायला नको. तू सपाता घालून टबापर्यंत जाशील."

मी लोण्याची सुरी खाली ठेवली.

आमच्या नऊ नंबरच्या खाणीच्या वस्तीत डिसेंबर ते मार्च गुडघाभर बर्फ असतो. पण आमच्या अंगणात, बैलगाडीच्या चाकाएवढी एक जागा सगळा हिवाळा हिरवी असते. कडाक्याच्या थंडीत तिथून वाफ निघते. माझी नात क्रिस्टा मांजराची दुधाची वाटी तिथे ठेवते, म्हणजे दूध गोठत नाही. माझ्या आईने मरेपर्यंत त्या जागेवर कपडे वाळत घालायची दोरी बांधली होती आणि तिथे कुणाला एक खुंटीसुद्धा ठोकू दिली नाही.

"तिथे नको," मी म्हटलं.

"का?"

उत्तर तयार करायला मला बावन्न वर्षं मिळाली होती. तरी तोंडातून निघालं ते एवढंच, "तिथे ओल असते."

"कसली ओल? परवा तू चर्चमध्ये बटाटा भरलेल्या पिरोही लाटायला गेली होतीस तेव्हा मी पहार मारून बघितली. हातभर खाली गेली आणि ठण्णकन वाजली. खाली खडक आहे. यापेक्षा भक्कम जागा अख्ख्या जिल्ह्यात मिळणार नाही."

तो खडक नव्हता. तो वासिलच्या पलंगाचा लोखंडी सांगाडा होता. वासिल म्हणजे माझा थोरला भाऊ, आणि तो त्या पलंगाच्या खाली होता.

हे जिवंत माणसांपैकी फक्त मला माहीत होतं. माझ्या नवऱ्यालाही मी कधी सांगितलं नाही. तो बिचारा काही न विचारता मेला.

१९३९ साली आमच्याकडच्या खाणी बंद होत्या आणि घराघरातले पुरुष डोंगरावर चोरून कोळसा खणत होते. कोळसा कंपनीचा, डोंगर कंपनीचा, पण चूल आपली. कंपनीचे शिपाई येऊन सुरुंगाने ते खड्डे उडवायचे, लोक दुसऱ्या दिवशी नवे खणायचे. यात कुणाला लाज वाटत नव्हती. पाद्रीसुद्धा तोच कोळसा जाळायचा. फक्त एक नियम होता, आणि तो आमच्याच माणसांनी आपसात घातलेला होता. डोंगरावर काय वाटेल ते करा, घरांच्या रांगेखाली खणायचं नाही. शेजारची पोरंबाळं ज्या जमिनीवर झोपतात ती पोकळ करायची नाही.

माझ्या बापाने, आम्ही त्याला तातो म्हणायचो, तो नियम मोडला. कोंबड्यांच्या खुराड्याखालून त्याने आणि एकोणीस वर्षांच्या वासिलने भोक पाडलं. तिथे कोळशाचा थर चांगला वर होता. वर कोंबड्या, खाली बाप-लेक.

फेब्रुवारीत छत कोसळलं. तातो तेव्हा बादली घेऊन वर आला होता. वासिल आत राहिला.

खाणवाल्यांच्या वस्तीत माणूस गाडला गेला की भोंगा वाजतो. अवेळी भोंगा ऐकला की ज्यांचं एकमेकांशी भांडण आहे तेही जेवण टाकून फावडं घेऊन धावतात. इथे ते कुणाला शिकवावं लागत नाही. तातोने भोंगा वाजवायला सांगितलं असतं तर तासाभरात अंगणात चाळीस माणसं आली असती. पण घर तेव्हा कंपनीचं होतं, दुसऱ्या दिवशी आम्ही रस्त्यावर आलो असतो. आणि भिंतीला भिंत लागलेल्या शेजारच्या डोरोशांना कळलं असतं की आम्ही त्यांच्या बाळाच्या पाळण्याखाली खणत होतो.

"आपलं आपण बघू," तातो म्हणाला आणि एकटा खाली उतरला.

वासिल जिवंत होता. तो आतून छताला टेकू दिलेल्या लोखंडी रुळावर ठोके देत होता. तीन ठोके, मग थांबायचा, पुन्हा तीन. स्वयंपाकघरात ते स्वच्छ ऐकू यायचे. डोरोशीणबाईला ऐकू जाऊ नयेत म्हणून माझी आई पायमशीनवर बसली आणि मशीन चालवत राहिली. सुईखाली कापड नव्हतं. दीड दिवस ती कापडाशिवाय शिवत होती. मी नऊ वर्षांची होते, समोर उभी राहून मी ते बघितलं.

मग ठोके थांबले. आईने पाय थांबवले.

तातोने भोकाच्या तोंडावर रुळांखालचे लाकडी स्लीपर आडवे टाकले, त्यांवर वासिलचा पलंग, त्यावर चुलीची राख आणि माती. वस्तीला सांगितलं की पोरगा मोटारींच्या कारखान्यात काम करायला डेट्रॉइटला पळाला. लोकांनी मान डोलावली. पण दोन महिन्यांत विचारायला लागले की पत्र कसं नाही. घरात इंग्रजी लिहिता यायचं ते एकट्या मला. आईने मला टेबलाशी बसवलं आणि मी कार्ड लिहिलं. मी बरा आहे, काम चांगलं आहे, स्टेफीला गोड पापा. स्टेफी म्हणजे मी. आईच्या मावसभावाने ते डेट्रॉइटहून टाकलं. पोस्टमनने वाटेतच निम्म्या वस्तीला वाचून दाखवलं.

ते कार्ड मायरनने काच लावून जिन्यात टांगलं आहे. आमच्या घराण्यात एक तरी माणूस या कोळशातून सुटला, असं तो पाहुण्यांना सांगतो. मी रोज त्यावरची धूळ पुसते.

आता कुणी म्हणेल, तेव्हा पोर होतीस, आता मोठी बाई आहेस, सांगून टाकायचं होतंस. खरं आहे. मरताना आईने माझं मनगट धरून शपथ घातली होती, पण नुसत्या शपथेवर मी गप्प बसले असं म्हणणं लबाडी होईल. मला लाज वाटत होती. ठोक्यांची नाही, त्या गोड पाप्याची. स्टेफीला गोड पापा हे मी माझ्या मनाने घातलं होतं, आईने सांगितलं नव्हतं.

मायरनने सरकारी कचेरीतून जुन्या खाणींचा नकाशा मागवला. माझ्या मुलाला कुणी निष्काळजी म्हणू नये. टेबलावर पसरून त्याने मला बोटाने दाखवलं.

"हे बघ, कंपनीचं शेवटचं भुयार चर्चपाशी संपतं. आपल्या अंगणाखाली काही नाही. कोरं आहे."

"नकाशा कंपनीने काढलाय," मी म्हटलं.

"मग? कंपनीलाच माहीत असणार ना."

कंपनीला फक्त कंपनीची भोकं माहीत असतात. एवढं एक वाक्य बोलले असते तरी पुरे होतं. मी उठले आणि भांडी घासायला लागले. गेल पुसायला आली. मी तिला म्हटलं, "गेल, त्या जागेबद्दल..." तिने हातातलं ताट खाली ठेवलं. "तिथे मांजराची वाटी असते," मी म्हटलं. मला माझ्याच थोबाडीत मारावंसं वाटलं.

दुकानाचा माणूस जागा बघायला आला. त्याने खाली खडी दाबून वर सिमेंटचा ओटा घालायला सांगितला. रिकाम्या टबाचं काही नाही, पण पाणी भरल्यावर तो दोन टनांच्या वर जातो, आणि त्यात माणसं बसतात ती वेगळी. मायरनने मान हलवली आणि तो गेल्यावर म्हणाला, "खाली खडक असताना ओटा कशाला? यांना पैसे काढायचे असतात." त्याने फरशा आणल्या आणि चारी बाजूंना नीट बसवल्या. शेजारच्यांची मदत नको, सरकारी परवाना नको. "आपलं आपण बघू," असं तो म्हणाला तेव्हा मी जिन्यात त्या कार्डावरची धूळ पुसत होते.

आता मी रोज सकाळी खिडकीतून ती जागा बघायला लागले. फरशा बसवल्यावर तिसऱ्या दिवशी मधली एक फरशी पुढच्या कडेला बोटभर खचली. मायरनने ती उचलून खाली वाळू भरली. दोन दिवसांनी ती वाळूही गेली.

"उंदीर असतील," तो म्हणाला.

"उंदीर वाळू खातात?" क्रिस्टाने विचारलं. ती नऊ वर्षांची आहे आणि तिला काही थापा मारता येत नाहीत.

टब शनिवारी आला. मायरनच्या कामावरचे चौघे जण त्याला उभा आडवा करत, शिव्या देत अंगणातून घेऊन आले. फरशांवर ठेवला तेव्हा खालून आवाज आला, जुन्या खाटेवर जाड माणूस बसल्यावर येतो तसा. चौघेही हसले. त्यांनी बिअर प्यायली, माझ्या पिरोही खाल्ल्या, माझ्या हातांना शुभेच्छा दिल्या आणि घरी गेले. वायरमन आधीच येऊन जाड वायर जोडून गेला होता. मायरनने बागेची नळी टबात सोडली.

टब भरायला चार तास लागतात हे मला माहीत नव्हतं. चार तास मी मागच्या पायरीवर कोट घालून बसले. पाणी बोट बोट चढत होतं. दर थोड्या वेळाने मी मनात म्हणायची, गुडघ्याएवढं झालं की सांगेन. गुडघ्याएवढं झालं. मग म्हटलं, कमरेएवढं झालं की.

कमरेएवढं झालं तेव्हा मला दिसलं की पाणी टबात तिरकं आहे. पाणी सरळच होतं अर्थात, टब तिरका होता. कुंपणाकडच्या बाजूला पाणी काठापासून वीतभर खाली आणि घराकडे चार बोटं.

"मायरन, तो कललाय."

"बसतोय जरा. नवीन आहे." त्याने एक पाचर ठोकली.

मग त्याने बटण दाबलं. पंप घरघरला, पाणी उसळलं, वाफ वर आली. क्रिस्टा पोहण्याचे कपडे घालून कधीची थंडीत कुडकुडत उभी होती. तिने विचारलं, "आजीच्या आधी मी जाऊ?" आणि मी तोंड उघडायच्या आत तिच्या बापाने तिला उचलून आत सोडलं.

पोरगी आनंदाने चित्कारली. मी उठले होते. मी अजून बोलले नव्हते, तेही सांगते. आता सांगेन, हिला दोन मिनिटं बसू दे, मग सांगेन, असं माझ्या डोक्यात चाललं होतं.

तेवढ्यात टबाच्या पोटातून ठोके आले. तीन. मग थांबले. मग पुन्हा तीन.

"पंपात हवा अडकलीय," मायरन म्हणाला. "पुस्तकात लिहिलंय, पहिल्यांदा होतं तसं."

तो बरोबर होता. हवाच असणार. मला भुताखेतांचं वेड नाही. पण माझे पाय माझ्या आधी निघाले होते. मी टबापाशी गेले, दोन्ही हात कोटासकट पाण्यात घातले आणि क्रिस्टाला काखेत धरून बाहेर ओढलं. या बोटांनी बरणी उघडत नाही, पण पोर निघाली.

"आजी, दुखतंय."

"दुखू दे. आत जा. गेल, हिला घेऊन पुढच्या दाराने रस्त्यावर जा. मायरन, मागे हो."

"आई, काय झालंय तुला?"

"याच्याखाली खड्डा आहे. तुझ्या आजोबाने खणला. वासिल त्यात आहे."

मायरन हसला. असं हसू माणसाला समजलं नाही की येतं. "वासिलमामा डेट्रॉइटला गेला. जिन्यात त्याचं कार्ड आहे."

"ते मी लिहिलं."

"आई."

"नऊ वर्षांची होते. 'काम' लिहिताना एक अक्षर चुकलं होतं, ते खोडून वर लिहिलंय. जाऊन बघ."

त्याला बघायला जावं लागलं नाही. ती खोडलेली जागा तो पाहुण्यांना कौतुकाने दाखवायचा, वासिलमामा फार शिकलेला नव्हता म्हणून. तो खाली बसला आणि फरशीच्या फटीत हात घातला. मी त्याचा चेहरा बघत होते. आतून त्याच्या तळहातावर ऊबदार हवा येत असणार, ओल्या कोळशाच्या वासाची. खाणवाल्याचा नातू आहे तो, खाणीची हवा त्याला कळली. त्याने हात झटकन काढून घेतला, गुडघ्यांवर मागे सरकला आणि पंपाचं बटण बंद केलं.

ठोके थांबले.

आम्ही दोघं पायरीपाशी आलो. मग तो हळू आवाजात म्हणाला, "ठीक आहे. मी पाणी काढतो. टब हलवतो, वर माती टाकतो. कुणाला कळायची गरज नाही. राहायला धोक्याचं म्हणून घराला लाल पाटी लावतील, आई. आपण राहायचं कुठे? आपलं आपण..."

"तेवढं बोलू नकोस," मी म्हटलं.

मी आत गेले आणि फोन उचलला. फोनवरच्या बाईने शांतपणे विचारलं, काय झालंय. मी म्हटलं, जमीन खचतेय, जुनी चोरखाण आहे.

"कुणी आत अडकलंय का?"

"हो."

"किती जण?"

"एक."

"तो काही बोलतोय का?"

"आता नाही," मी म्हटलं.

दोन मिनिटांनी अग्निशमनवाल्यांचा भोंगा वाजला. खाण बंद झाली तेव्हा त्यांनी खाणीचाच भोंगा विकत घेतला होता, त्यामुळे आवाज तोच आहे. मी रडायला लागले. मला थांबताच येईना. भोंगा वाजत असतानाच मागे टब गेला. फार आवाज झाला नाही. कुंपणाकडची बाजू वर उचलली, घराकडची खाली गेली आणि सगळं पाणी एका घोटात खाली उतरलं. मायरन दारात उभा राहून बघत होता. नंतर तो तिथेच उंबऱ्यावर बसला.

माणसं यायला लागली. कुणी जेवणावरून उठलेले, एकाच्या गळ्यात अजून रुमाल खोचलेला होता. सगळ्यांच्या हातात फावडी आणि दोर. पुढे ल्योन डोरोश होता, अग्निशमन दलाचा प्रमुख, शेजारचाच. १९३९ साली पाळण्यात होता तो हाच.

"स्टेफीताई, आत कोण आहे?"

"माझा भाऊ वासिल."

त्याने मायरनकडे बघितलं, मग माझ्याकडे. वासिल डेट्रॉइटला गेला हे त्यालाही लहानपणापासून माहीत होतं. "केव्हापासून?"

मी सांगितलं. खुराडं, रूळ, पायमशीन, सगळं सांगितलं. आणि हेही सांगितलं की आम्ही तुझ्या पाळण्याखाली खणत होतो, ल्योन. त्याच्या मागे वीस-पंचवीस माणसं उभी होती, त्यांनीही ऐकलं. मला वाटलं आता हे परत फिरतील. बावन्न वर्षांच्या मेलेल्या माणसासाठी जेवण कोण टाकतं?

ल्योनने टोपी काढून काखेत मारली. "माझे वडील असते तर त्यांनी तुझ्या तातोला आधी दोन लगावल्या असत्या," तो म्हणाला, "आणि मग खाली उतरले असते." त्याने मागे वळून माणसांना सांगितलं, "टबाला दोर बांधा. कडेला कुणी उभं राहू नका." मग पुन्हा माझ्याकडे आला. "तो कोणत्या अंगाला असेल, काही सांगता येईल? खड्डा कुठे जात होता?"

"ये," मी म्हटलं.

मी त्याला स्वयंपाकघरात नेलं. मायरन मागून आला. शेगडीसमोर एक जुनं पायपुसणं कायम अंथरलेलं असतं. तिथली फरशी हिवाळ्यातही कोमट असते, क्रिस्टा तिथे पाय शेकते. मी पायाने ते बाजूला सारलं.

"इथे," मी म्हटलं. "ठोके इथून यायचे."